खारी कुठे बघत होती

प्रिय सई आणि निहार,

गेल्या महिन्यात सईने नऊवारी नेसून, नथ घालून स्वतःच काढलेला फोटो पाठवला, आणि मी लगेच उत्तर लिहिलं, "सुंदर दिसतेस, पण नथ उजव्या नाकपुडीत घातली आहेस. आपल्याकडे डावीत घालतात." सईने हसत फोन केला. "आजी, डावीकडेच घातलीय गं. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो उलटा घेतलाय. आरशासारखा."

तुमच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मी मात्र उठले, कपाटातून एक निळी फाईल काढली, तिच्यातला एक जुना फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिले. त्या दिवसापासून तुम्हाला जोमाबाबांविषयी लिहायचं मनात आहे. ते गेले तेव्हा तुमच्या आईचं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या आईला ते आठवतील, पण सगळी हकीकत तिलाही माहीत नाही. तुमचे आजोबा आता नाहीत. म्हणजे जे काही आहे ते माझ्याकडे आहे, आणि मी ऐंशी ओलांडली आहे.

सत्त्याऐंशी साली आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नव्या इमारतीत राहायला आलो. गच्चीवरून एका बाजूला मिठागरं आणि पलीकडे खाडी दिसायची, दुसऱ्या बाजूला आमच्या इमारतीसारख्याच, अजून रंग न लागलेल्या इमारती. ट्रकमधून माझं पुस्तकांचं कपाट उतरवलं जात होतं आणि फाटकाच्या डाव्या अंगाला एक काटकुळा म्हातारा उभा राहून सारखा बोलत होता.

"हां, हळू. डावा हात वर. अजून वर. खाली नको बघू, माज्याकरं बघ. आता एक पायरी. शाब्बास. आता दुसरी."

हमाल वैतागला. "ओ बाबा, कपाट आम्ही उचललंय का तुम्ही?"

"तुमीच उचललाय रं. मी निस्ता बोलतांव."

कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचलं. एक काच तडकली नाही.

हे जोमाबाबा, आमचे दिवसाचे वॉचमन. मुर्धा गावचे आगरी. पन्नासेक वर्षं मिठागरात काम करून, आता अंगात तेवढा जोर नाही म्हणून फाटकावर बसायला आलेले. बसायला म्हणायचं इतकंच. त्यांना बसलेलं मी फार कमी पाहिलं. गुडघ्याखाली त्यांचे पाय मिठाने इतके कडक आणि पांढुरके झाले होते की दुरून पायमोजे घातल्यासारखे वाटत. ते पाय घेऊन दिवसभर फाटकाच्या डाव्या बाजूला उभे. सोसायटीने दिलेलं स्टूल उजव्या बाजूला, सावलीत, रिकामं.

"बाबा, सावली तिकडे आहे," मी एकदा म्हटलं.

"सवय हाय, बाय."

त्यांची खरी सवय बोलण्याची होती. कोणी काही अवघड करत असलं की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. पाण्याचा टँकर उलटा आत येताना, कोणी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढताना, तुमची आई स्कूटर शिकताना. ते हात लावत नसत, मदतीला धावत नसत. फक्त डाव्या बाजूला उभं राहून एका लयीत बोलत राहायचे, काम संपेपर्यंत. तळमजल्यावरच्या हंसाबेन कपाळावर हात मारून म्हणायच्या, "ये बाबा का रेडियो बंद ही नहीं होता."

"बॅटरी लागत न्हाय ना, हंसाबेन!"

एका गोष्टीशी मात्र ते कधीच बोलत नसत. आमच्या आवारात दोन कुत्री होती, एक काळं आणि एक तपकिरी. सगळ्या मजल्यांवरची पोरं त्यांना हाका मारत, पोळ्या घालत. जोमाबाबा त्यांना पाणी ठेवायचे, पण तोंडातून शब्द नाही. तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. तिने एकदा त्यांना गाठलं.

"बाबा, तुमचं टँकरवालासुद्धा ऐकतो. या तपकिरीला हाक मारा ना, माझ्याकडे येतच नाही."

"न्हाय पोरी."

"का पण?"

"कुत्र्याला हाक मारायची तं शेवटपरंत मारायची. न्हायतर मारूच न्हये."

तिने ते घरी येऊन सांगितलं आणि आम्ही हसलो. वाटलं, म्हाताऱ्या माणसांची असतात तशी एक म्हण.

दोन वर्षांनी तुमच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. पण ते चालायला तयार नव्हते. लोकांसमोर पाय ओढत चालण्यापेक्षा त्यांना खोलीत पडून भिंतीकडे बघणं बरं वाटे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याची नोकरी करत होते, ती त्यांच्यासाठी सोडली. समजावलं, रागावले, एकदा रडलेही. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी एका सकाळी शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना खुर्चीसकट खाली आणलं, निदान ऊन तरी लागेल म्हणून.

जोमाबाबा त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

"उठा, साहेब. हां. हात खुर्चीवर. आता सोडा. जमिनीकरं नका बघू, जमीन कुठं जात न्हाय. माज्याकरं बघा."

"मला गाय समजतोस काय रे?" आजोबांचे शब्द तेव्हा नीट उमटत नसत, पण राग नीट उमटला.

"गाय न्हाय, साहेब. गाय ऐकते."

मी घाबरून आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. किती आठवड्यांनी ते हसत होते. मग उठले. जोमाबाबा पाठमोरे मागे मागे सरकत, बोलत बोलत, त्यांना फाटकापर्यंत घेऊन गेले. चौतीस पावलं. ती मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवली आहेत.

आजोबांना परत वर पोचवून मी खाली आले आणि विचारलं, "बाबा, हे तुम्ही कुठे शिकलात?"

ते मिठागरांकडे बघत म्हणाले, "शिनेमात."

ही हकीकत त्यांनी मला एका दिवसात सांगितली नाही. तुकड्यातुकड्यांनी, पुढेमागे होत सांगितली. मी ती क्रमाने लावून देते, कारण माझा स्वभावच तसा आहे.

ते दहा-अकरा वर्षांचे असताना मुंबईहून एक सिनेमा कंपनी होड्या आणि तंबू घेऊन मुर्ध्याच्या खाडीवर आली. मूकपटांचा काळ. गोष्ट प्रेमाची होती. एका नावाड्याची मुलगी आणि एका जमीनदाराचा मुलगा. दुष्ट माणूस मुलाला बांधून, होडीत टाकून, ओहोटीच्या पाण्यात सोडून देतो, आणि कुत्रा पोहत जाऊन होडीचा दोर तोंडात धरून ती काठाला आणतो. त्यासाठी कंपनीने एक मोठा विलायती कुत्रा आणला होता.

"तो चिखलात पाय ठेवीना," जोमाबाबा म्हणाले. "शेटचा कुत्रा, शेटसारखाच."

जोमाबाबांची एक कुत्री होती, खारी. मिठागराच्या बांधावर जन्मलेली. पिल्लू असताना खेकड्याने तिचा डावा कान फाडला होता. ती मजा बघायला आलेल्या या पोराच्या, म्हणजे जोमाबाबांच्या, मागे आली होती, आणि पोरगा म्हणाला, "आमची खारी जाईल." आणि खारी गेली. होडीचा दोर घेऊन आली. कंपनीच्या लोकांनी विलायती कुत्र्याला परत पाठवलं. पडद्यावर खारीचा नर केला आणि तिला काहीतरी राजेशाही नाव दिलं, त्यावर गावातल्या बायका पुढे कित्येक वर्षं हसत असत.

कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे, आणि तो उजवीकडे असे. म्हणून पोराला उभं राहायची जागा दिली कॅमेऱ्याच्या डावीकडे. तिथून त्याने बोलत राहायचं आणि खारीने त्याच्याकडे बघत काम करायचं.

"मुका शिनेमा व्हता, बाय. कोनाला ऐकाला येनार? नटी रडते हाय, नट गळ्यात पडते हाय, आनि मी बाजूला वरडतांव, 'चल खारी, दोर धर खारी!' कोनाचा काय जात न्हाय."

बारा दिवसांत खाडीवरचं काम संपलं. उरलेलं मुंबईच्या स्टुडिओत करायचं होतं. कंपनीने खारीला मागितलं. बापाने दिलं. पोराला मागितलं, ते मात्र दिलं नाही. मीठ धरलं होतं, पाऊस पडायच्या आत ते ओढून घ्यायचं होतं, घरातला प्रत्येक हात हवा होता.

आठ दिवसांनी कंपनीचा एक माणूस गावात आला. म्हणाला, कुत्री काम करत नाही. खात नाही. स्टुडिओत डाव्या बाजूला उजेड पाडायचे मोठे पत्रे लावलेत, तिकडे कोणाला उभं राहता येत नाही, म्हणून आमचा माणूस उजवीकडे मटणाचा तुकडा घेऊन उभा राहतो. तर ती त्याच्याकडे बघत नाही. कोणी नसतं त्या डाव्या बाजूला बघत बसते. पोराला पाठवा.

बाप म्हणाला, नाही.

मग जोमाबाबा म्हणाले, "बापाने मना धरून ठेवला न्हवता, बाय. वाट म्हायती व्हती. त्या मानसाच्या मागं पलालो असतो तं पोचलो असतो. बापाने चार फटके मारले असते, अजून काय? मी मीठ वढत रायलो."

पंधरा दिवसांनी निरोप आला की काम झालं आणि नंतर कुत्री स्टुडिओतून पळाली. ती घराकडे येत असणार, असं धरून पोरगा रोज दिवस मावळताना बांधावर जाऊन हाका मारायचा. पाऊस सुरू झाला तसा बांधावर जाता येईना. तेव्हा हाका थांबल्या.

पुढच्या वर्षी मामाने त्याला मुंबईला तो सिनेमा दाखवायला नेलं. खारी पाण्यातून पोहत आली, डावीकडे बघत, म्हणजे त्याच्याकडे बघत. आणि हा अंधारात उठून उभा राहिला आणि ओरडू लागला, "ये खारी, ये, हां, चल!" लोक आधी हसले, मग चिडले. मामाने लाजेने त्याला दंड धरून बाहेर काढलं. शेवटचा प्रसंग त्याने पाहिलाच नाही. तो प्रसंग स्टुडिओतला होता. गावातल्या ज्यांनी पाहिला ते सांगत की नट-नटी शेवटी शेजारी बसतात, कुत्रा नटीच्या पायाशी असतो आणि बाजूला असा काही बघतो की सगळं थिएटर रडतं.

"मी इचारला, कुठं बघते? डावीकरं का उजवीकरं? कोनाला सांगता येईना. शिनेमा बघाला गेलेली मानसं. कुत्री कुठं बघते ते कोन बघनार?"

त्यानंतर जोमाबाबांनी कधी सिनेमा पाहिला नाही, आणि कुठल्या कुत्र्याला हाक मारली नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. त्यांना काचबिंदू होता. आधी नजरेच्या कडा गेल्या होत्या, आता मधलंही धूसर होत चाललं होतं. डॉक्टरने उशीर झाला म्हणून सांगितलं होतं.

"तुमी इंग्रजी लिवता, बाय. लिवा ना कोनाला तरी. त्या शेवटच्या शीनमंदी ती कुठं बघते, एवढाच बघाचा हाय. मटनवाल्याकरं बघत असंल, तं जेवत व्हती. दुसऱ्याची सवय झाली व्हती. तसा असंल तं मी सुखाने जाईन." पुढे म्हणाले, "आनि दुसरीकरं बघत असंल, तं तेवढा पन मना म्हायती पायजे."

मी सतरा पत्रं लिहिली. जुन्या फिती जपणाऱ्या संस्थांना, संग्रह करणाऱ्या माणसांना, त्या काळच्या तंत्रज्ञांच्या वारसांना. सिनेमाचं नाव जोमाबाबांना माहीत नव्हतं. गावात त्याला 'कुत्रीचा शिनेमा' म्हणत. म्हणून प्रत्येक पत्रात मी गोष्ट लिहायचे, खाडी, होडी, दोर, फाटक्या कानाचा गावठी कुत्रा. प्रत्येकाची कार्बन प्रत ठेवली. सुरुवातीला एका कागदावर बाबांनी सांगितलेले तपशील क्रमांक घालून उतरवले. त्यातला तिसरा क्रमांक असा आहे: 'डावा कान फाटका.'

उत्तरं आली ती एकसारखी. असा चित्रपट उपलब्ध नाही. एका सभ्य गृहस्थांनी सविस्तर लिहिलं की त्या काळच्या बहुतेक फिती जळल्या, नाहीतर चांदी काढण्यासाठी वितळवल्या.

"चांदी?" जोमाबाबांनी विचारलं.

"फितीत थोडी चांदी असायची, बाबा. ती काढून घ्यायचे."

ते म्हणाले, "मिठासारखा. पानी आटवाचा आनि काय र्‍हाते ते घ्याचा."

अशी तीन वर्षं गेली. आजोबा आता काठी घेऊन एकटे चालत होते. जोमाबाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, तरी ते फाटकावर येत. सोसायटीने त्यांना काढलं नाही, हे मी आमच्या सोसायटीच्या बाजूने नोंदवून ठेवते. टँकरवाले त्यांच्या आवाजावरच आत यायचे. ते नुसत्या चाकांच्या आवाजावर "येऊ दे, येऊ दे, बास!" सांगायचे आणि कधी चुकत नसत.

मग एक जाड पाकीट आलं. माझं सोळावं पत्र फिरत फिरत दादरच्या एका जुन्या फोटोग्राफरच्या मुलाकडे गेलं होतं. त्याचे वडील सिनेमा कंपन्यांसाठी स्थिरचित्रं काढत. प्रत्येक प्रसंग चित्रित झाला की त्याच जागी सगळ्यांना थांबवून फोटो घेत. माळ्यावरच्या पेटीत त्याला काचेची एक निगेटिव्ह सापडली होती. तिच्यावरून त्याने मुद्दाम प्रत काढून पाठवली होती.

मी पाकीट जिन्यातच फोडलं आणि तशीच खाली गेले. जोमाबाबांना हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"बाबा, फोटो आलाय. शेवटच्या प्रसंगाचा."

त्यांनी हात पुढे केला. मी फोटो हातात दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांवर ठेवला, प्रसाद घेतात तसा.

"वाचा, बाय."

वाचा, असंच म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून, ग्रंथालयात नोंदी करायचे तसं क्रमाने सांगितलं. मागे पडद्यावर रंगवलेलं झाड आहे. कोट घातलेला तरुण आहे. नथ घातलेली मुलगी आहे. तिच्या पायाशी कुत्री बसली आहे.

"कान?"

"एक कान फाटका आहे, बाबा."

"आनि बघते कुठं?"

"उजवीकडे."

"नीट बघा, बाय."

"नीट बघितलं. मान पूर्ण वळवली आहे. उजवीकडेच."

बाहेर टँकर येऊन थांबला. त्याने भोंगा वाजवला, परत वाजवला. जोमाबाबा उठले नाहीत. ड्रायव्हर खाली उतरून आला आणि आमच्याकडे बघून फाटकाशीच थांबला.

"म्हंजे जेवत व्हती," जोमाबाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"बरा झाला." त्यांनी पालथ्या हाताने डोळे पुसले. मग एखाद्या पोरासारखा ओठ काढून, पण हसत, म्हणाले, "इसारली मना रांड."

त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी काम सोडलं. शेवटच्या संध्याकाळी त्यांची पुतणसून न्यायला आली होती. मी गॅलरीतून बघत होते. ती पिशवी घेऊन पुढे निघाली. जोमाबाबा फाटकाच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, काठी टेकून थांबले. तपकिरी कुत्री तिथेच भिंतीला लागून पडली होती. ते तिच्या दिशेने वाकले.

"ये गो बाय. उठ. ये, इकरं ये."

इतक्या वर्षांत तिने तो आवाज माणसांसाठी हजारदा ऐकला होता. ती उठली आणि त्यांच्या पायाशी आली. मग ते मुर्ध्याच्या रस्त्याने निघाले, ती पुढे, ते मागे, आणि त्यांचा आवाज येत राहिला. "हां, चल. हळू. खड्डा हाय का? सांग मना. शाब्बास." वळणापर्यंत ऐकू येत होतं.

वर्षभरात ते गेले. पुतणसून सांगायला आली होती. म्हणाली, तपकिरी शेवटपर्यंत त्यांच्या दारात होती आणि ते शेवटपर्यंत तिच्याशी बोलत होते.

आता त्या निळ्या फाईलकडे येते. सईशी बोलून झाल्यावर मी फोटो खिडकीशी नेला. नावाड्याच्या मुलीची नथ उजव्या नाकपुडीत आहे. तरुणाच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर आहे. असे कोट कोणी शिवत नाही. मग मी माझ्याच हस्ताक्षरातला तपशिलांचा कागद काढला. तिसरा क्रमांक, डावा कान फाटका. फोटोत फाटका आहे तो उजवा. कागद आणि फोटो त्याच फाईलमध्ये, एकावर एक, तीस वर्षं पडून होते. ते कधी ताडून बघितले नाहीत. दादरच्या त्या मुलाने प्रत काढताना काच उलटी धरली होती. त्यात त्याची चूक म्हणायची तर लहान. ताडून बघणं हे माझं काम होतं.

खारी डावीकडे बघत होती. जिकडे पत्रे लावले होते आणि कोणी उभं राहू शकत नव्हतं, तिकडे.

फोटोच्या मागे मी तेव्हा पेन्सिलने 'कुत्री उजवीकडे बघते' असं लिहिलं होतं. ते खोडलं नाही. त्याच्या खाली आजची तारीख घालून बरोबर काय आहे ते लिहिलं.

मिठागराच्या त्या भागावर आता इमारती आहेत. सिनेमा नाही. काच दादरच्या त्या घराच्या माळ्यावर असेल किंवा नसेल. सतरा पत्रांच्या प्रती, तपशिलांचा एक कागद आणि एक फोटो माझ्या कपाटात, डाव्या कप्प्यात आहे.